आजोबांच्या वह्या आणि आमचें संकेतस्थळ

आमचे आजोबा रत्नागिरीकडे वैद्यकी करीत. त्यांच्या हातच्या तीन वह्या आमच्या घरीं आहेत. पानोपानीं एकेका वनस्पतीचें संस्कृत नांव, कोंकणांतील बोलीचें नांव, ती कोठें उगवते, केव्हां फुलते, कोणत्या विकारावर चालते, असा मजकूर. लिपि मोडी. कागद इतका ठिसूळ झाला आहे कीं, पान उलटतांना कोपरा हातांत येतो. ही मोडी अस्खलित वाचणारें माणूस आतां घरांत एकच उरलें आहे, तें म्हणजे आमच्या आत्याबाई. वय ८८. गेल्या वर्षीं त्यांच्या उजव्या डोळ्यास दिसेनासें झालें, तेव्हां आमच्या मनानें घेतलें कीं, हें काम आतां नाहीं तर कधींच नाहीं.

पुस्तक छापावें तर रंगीत चित्रांचा खर्च आमच्या निवृत्तिवेतनास झेपणारा नव्हता. म्हणून संकेतस्थळ करावयाचें ठरलें. (संकेतस्थळ हा शब्द आमच्या संस्कृत वळणाच्या कानांस प्रथम अंमळ चावट वाटला. काव्यांत तेथें अभिसारिका जातात, निवृत्त शाळामास्तर जात नाहींत! असो, आतां तो रूढ झाला आहे.) नात म्हणाली, "आजोबा, मी दोन दिवसांत करून देतें." आम्हीं नको म्हटलें. ती नोकरीसाठीं बेंगळुरूस जाणार. पुढें एखादें अक्षर चुकलें तर तें कोणी दुरुस्त करावें? शिवाय दुसऱ्यानें सोडवून दिलेलें गणित आपलें होत नाहीं, हें आम्हीं पस्तीस वर्षें मुलांस बजावीत आलों आहों.

आमचा यापूर्वींचा एक प्रयत्न फसला होता, तोहि सांगितला पाहिजे. सन २००४ मध्यें आत्याबाईंनीं पहिली वही वाचून सांगितली आणि आम्हीं तिचीं चाळीस पानें संगणकावर उतरलीं. पण जो मराठी टंक त्या वेळीं विकत घेतला होता, त्यांत रोमन अक्षरांच्या घरांतच देवनागरी आकृति बसविलेल्या होत्या. तो टंक ज्याच्याकडे नाहीं, त्याच्या संगणकावर आमचा सगळा हिरडा-बेहडा निरर्थक रोमन अक्षरांचा कचरा होऊन उमटे. पुढें तो संगणक बिघडला, टंकहि नाहींसा झाला, आणि चाळीस पानें असून नसल्यासारखीं झालीं. आत्याबाईंच्या चांगल्या दृष्टीचे ते सहा महिने आमच्या अज्ञानामुळें वायां गेले, ही रुखरुख अजून जात नाहीं.

या दुखण्यावरचें औषध युनिकोड. याची पहिली आवृत्ति १९९१ सालींच निघाली होती. आम्हांस तिचा पत्ता नव्हता, इतकेंच. हींत प्रत्येक अक्षरास स्वतःचा क्रमांक असतो. देवनागरी 'क'चा २३२५. तो साऱ्या जगांत तोच, मग यंत्र कोणाचेंहि असो. मोडी लिपीसहि २०१४ सालीं असे क्रमांक मिळाले आहेत; तथापि घरांतील मुलांस मोडी येत नसल्यामुळें आम्हीं देवनागरींतच लिहिलें आणि शेजारीं मूळ पानाचें छायाचित्र ठेविलें.

ही जगद्व्यापी जाळ्याची विद्या मुळांत विद्वानांच्या टिपणांसाठींच जन्मली. सन १९८९ मध्यें जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली या इंग्रज गृहस्थानें तिची योजना मांडली आणि १९९३ सालीं त्या संस्थेनें ती सर्वांस विनामूल्य खुली केली. आरंभीं पान रचावयास संगणकाची सांकेतिक भाषा यावी लागे. आतां तशी गरज नाहीं. आम्हीं घेतलेली वर्डप्रेस ही सामग्री २००३ पासून फुकट मिळते. तींत लिहिणें म्हणजे पत्र टंकण्याइतकेंच काम. नांव आणि जागा हीं मात्र दोन निराळीं. नांव म्हणजे दारावरची पाटी; तिचें भाडें मुदतींत भरावें, नाहीं तर ती पाटी दुसरा कोणी उचलूं शकतो. जागा म्हणजे बिऱ्हाड. फुकट बिऱ्हाडहि मिळतें, पण घरमालक भिंतीवर आपल्या जाहिराती टांगतो, आणि त्यानें वाडाच बंद केला तर आपलें सामान रस्त्यावर. म्हणून नांव आमचें स्वतःचें घेतलें आहे, आणि सगळ्या मजकुराची एक प्रत दरमहा निराळ्या तबकडीवर उतरवून कपाटांत ठेवितों.

सजावटीचे नमुने पाहण्यांत आमचे आठ दिवस फुकट गेले. त्यापेक्षां पाठकोऱ्या कागदावर अनुक्रमणिका आंखली तेव्हां खरें काम सुरू झालें. छायाचित्रें स्वतःच काढलीं, कारण परक्याचें चित्र विचारल्यावांचून उचलणें ही चोरीच. पहिल्यांदा पळसाचीं बारा चित्रें मोबाईलमधून जशींच्या तशीं चढविलीं आणि पान उघडतां उघडेना. एकेक चित्र पांच-पांच मेगाबाइटचें! नातीनें त्यांचा आकार कमी करावयास शिकविलें. एवढी एकच शिकवणी आम्हीं तिच्याकडून घेतली.

खरा पेंच निराळाच होता. वह्यांत औषधांचीं प्रमाणें आहेत. बिब्ब्याचें तेल अंगास लागलें तर फोड उठतात. गुंजेचें बीं विषारी. तें प्रमाण कोणीहि वाचून कोणासहि द्यावें, हें आमच्यानें होईना. आम्हीं प्रमाणें गाळण्याचें ठरविलें तेव्हां आत्याबाई रागावल्या. "मग दादांनीं लिहिलें कशाला? आणि गाळणारा तूं कोण?" दोन दिवस त्यांनीं वही हातांत घेतली नाहीं. तिसऱ्या दिवशीं त्या आपण होऊनच म्हणाल्या, "दादा नाडी पाहिल्यावांचून पुडी देत नसत, हें खरें." मग काम पुढें चाललें. प्रमाणांचीं पानें आम्हीं घरच्या कपाटांत स्वतंत्र ठेविलीं आहेत. एकहि ओळ फाडलेली नाहीं.

सांप्रत ६३ वनस्पति चढल्या आहेत. कर्णिकार म्हणजे बहावा कीं कनकचंपा, या जुन्या वादांत आम्हीं दोन्ही मतें मांडलीं आहेत. युनिकोडचा एक लाभ आमच्या ध्यानींहि नव्हता. मोबाईल तें पान मोठ्यानें वाचून दाखवितो. रोज सायंकाळीं आत्याबाई डोळे मिटून ऐकत बसतात. परवां वृक्षाम्लाचें पान चाललें होतें. मथळ्यांत आम्हीं 'कोकम' लिहिलें होतें. त्यांनीं तेथेंच हात वर केला. "अरे, कोकम म्हणजे वाळवलेली साल. झाडाला कोणी कोकम म्हणतं का? रातांबा लिही."

आम्हीं तिथल्या तिथें मथळा बदलला आणि पान पुन्हां पहिल्यापासून ऐकविलें. तिसऱ्या वहीचीं ४१ पानें अद्याप वाचावयाचीं आहेत.