ऐकते ती, ठरवतो तो

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' ही अमेरिकी मालिका लागायची. तिच्यातली उहुरा यानाच्या संपर्कयंत्रणेवर बसते. अंतराळातून आलेला संदेश सगळ्यांत आधी तिच्याच कानी पडतो, ती मान वळवून कॅप्टन कर्कला सांगते आणि पुढचे तो बघून घेतो. मालिका सुरू झाली त्या 1966 साली एका कृष्णवर्णीय स्त्रीला यानाच्या मुख्य कक्षात जागा मिळणे लहान नव्हते. ही भूमिका सोडायला निघालेल्या निशेल निकोल्सचे मन मार्टिन ल्यूथर किंग यांनी वळवले, ते उगाच नाही. तरीही विज्ञानमालिकांतला स्त्रीविषयक आकस तोकड्या कपड्यांत शोधण्याआधी कामाच्या वाटणीत शोधावा, असे मला वाटते. तिथे बाईला कान देतात; ऐकलेल्याचा अर्थ लावणे पुरुषाकडे राहते.

ही वाटणी किती खोटी आहे, ते नारायणगावजवळच्या खोडदच्या शिवारात कळते. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांपैकी 14 इथे मधोमध आहेत आणि बाकीच्या तीन फाट्यांवर दूरवर पसरल्या आहेत. त्यांचे काम एकच, ऐकणे. पण मोबाइलचा, विजेच्या तारांचा गोंगाट कुठे संपतो आणि ताऱ्याचा आवाज कुठे सुरू होतो, हे ठरवणे म्हणजेच इथले विज्ञान. 1967 साली केंब्रिजमध्ये संशोधक विद्यार्थिनी जोसेलिन बेल रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींचा रोज निघणारा सुमारे शंभर फूट कागद डोळ्यांखालून घालत होती. रेघांतली एक बारीकशी खरखर तिला खटकली. दर 1.33 सेकंदांनी येणाऱ्या त्या स्पंदाला गमतीने 'हिरव्या बुटक्यांचे' नाव पडले. तो निघाला पहिला पल्सार, स्पंद पाठवणारा तारा. म्हणजे परग्रहवासीयांच्या संदेशाची शंका खरोखर आली, तेव्हा तो संदेश ओळखणारी बाई होती. 1974चे नोबेल मात्र तिचे मार्गदर्शक ह्यूइश आणि त्यांचे सहकारी राइल यांना मिळाले. पटकथाकारांनाच दोष का द्यावा, असे इथे कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे.

'काळच तसा होता' हे उत्तर मात्र अर्धवट आहे. 'स्टार ट्रेक'च्या पहिल्या, नाकारल्या गेलेल्या नमुना भागात यानाची दुय्यम अधिकारी बाईच होती. पुढे ते पात्र गळाले. कोणामुळे, याबद्दल मतभेद आहेत, पण कल्पना सुचली होती एवढे नक्की. 1963 साली 'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेची निर्माती होती सत्तावीस वर्षांची व्हेरिटी लॅम्बर्ट, तरी पडद्यावर तिच्यातल्या सुझन या मुलीच्या वाट्याला किंचाळणेच बरेच आले.

आता दिवस पालटले म्हणावे, तर 1995 साली 'स्टार ट्रेक'च्या नव्या मालिकेत यानाची प्रमुख म्हणून कॅप्टन जेनवे आली, आणि दोनच वर्षांत त्याच यानावर सेव्हन ऑफ नाइन अंगाला चिकटलेल्या पोशाखात दाखल झाली. त्या मानाने 1993च्या 'द एक्स-फाइल्स' मालिकेतली डॅना स्कली वेगळी: ती पुरावा मागते, शवविच्छेदन करते, नायकाला नाही म्हणते. 2018च्या एका पाहणीत विज्ञान-तंत्रज्ञानात काम करणाऱ्या आणि स्कली ठाऊक असलेल्या जवळपास दोन तृतीयांश स्त्रियांनी तिला आदर्श म्हटले. पाहणीत मालिकेच्या मालक कंपनीचाच हात होता, आणि मुळात विज्ञानाची ओढ असलेल्या मुलींनीच मालिका पाहिली असेल, हेही खरे. पण 'ही तर नुसती करमणूक' असे म्हणणाऱ्यांना एवढा पुरावा पुरे.

आपल्याकडे 'कॅप्टन व्योम' (1998) ही मालिका नावापासूनच पुरुषाची होती. 2019च्या 'मिशन मंगल' चित्रपटात तर शास्त्रज्ञ चक्क तारा शिंदे, पण तिला इंधन वाचवण्याची युक्ती सुचते ती पुऱ्या तळण्यावरून. स्वयंपाकघरातले ज्ञान हेही ज्ञानच, मान्य. मग पटकथेत पुरुष शास्त्रज्ञाला कढईपाशी काही का सुचत नाही? मंगळयान मोहिमेच्या तेव्हाच्या संचालन उपसंचालक ऋतू करिधाल यांचे काम यानाच्या स्वयंनियंत्रण प्रणालीचे होते, आणि नाट्य त्या कामातच आहे. खगोलशास्त्रज्ञ भास्वती भट्टाचार्य खोडदच्या दुर्बिणीने पल्सार शोधतात: संगणक संशयितांचा ढीग पुढे टाकतो, त्यातला खरा कोणता हे माणसाने ठरवायचे असते. असा प्रसंग लिहायला मराठी वाहिन्यांना मंगळावर जावे लागणार नाही. नारायणगावची एसटी पुरेल.