गेवराईला विचारा: दहशतवादाविषयीचे काही गैरसमज

दहशतवाद एकाच धर्माचा असतो, हा सगळ्यांत चिवट गैरसमज. तो खोडून काढायला बीड जिल्ह्यातला एक गेवराई तालुका पुरेसा आहे. मे २००६ मध्ये एटीएसने औरंगाबाद शस्त्रसाठा प्रकरणात आरडीएक्स आणि एके-४७ रायफली पकडल्या. त्यात मूळच्या गेवराईच्या झबिउद्दीन अन्सारी ऊर्फ अबू जुंदालला २०१६ मध्ये जन्मठेप झाली. त्याच तालुक्यातल्या अर्धामसला गावात ३० मार्च २०२५ च्या पहाटे, ऐन पाडव्याला आणि ईदच्या आदल्या दिवशी, मशिदीत स्फोट झाला. एरवी विहिरीच्या सुरुंगात भरतात त्या जिलेटीनच्या कांड्या यासाठी वापरल्या गेल्या. सुदैवाने जीव कुणाचा गेला नाही. दोन हिंदू तरुणांना अटक झाली, पुढे यूएपीए हा दहशतवादविरोधी कायदाही लागला. निकाल लागेपर्यंत ते आरोपीच. पण आरोप दहशतवादाचाच आहे.

मग बीडमधली प्रत्येक दहशत म्हणजे दहशतवाद का? नाही. मस्साजोगच्या सरपंचांची डिसेंबर २०२४ मधली हत्या तितकीच अमानुष होती. पण तपासानुसार तिच्या मुळाशी खंडणी आहे, म्हणून तिथे संघटित गुन्हेगारीचा मकोका लागला. दहशतवादात एकाला मारून हजारोंना घाबरवायचं असतं, तेही धर्म, विचारसरणी किंवा वेगळ्या राज्याच्या मागणीसाठी.

‘गरिबी आणि अडाणीपणामुळे पोरं बिघडतात’ हेही अर्धवट. जुंदाल आयटीआय शिकलेला होता. ॲलन क्रूगर आणि जित्का मालेच्कोवा यांना २००३ च्या अभ्यासात गरिबीचा दहशतवादाशी थेट संबंध सापडला नाही. अभ्यासक टेड गर यांनी १९७० मध्येच सांगितलं होतं की माणूस उपाशीपोटी तितका पेटत नाही, जितका हक्काचं हिरावलं गेल्याच्या भावनेने पेटतो. दहशतवादी माथेफिरू असतात, हाही समज मार्था क्रेनशॉ यांनी १९८१ मध्ये खोडला. बहुतेक जण चारचौघांसारखेच असतात.

मला सर्वांत पटतं ते दहशतवादाचे अभ्यासक मार्क सेजमन यांचं म्हणणं. आधी दोस्ती किंवा नातं, विचार मागाहून. म्हणून पोराच्या हातातल्या पुस्तकाइतकंच तो कुणाबरोबर उठतो-बसतो, याकडे घरच्यांचं लक्ष हवं. एवढं समजून घेणं म्हणजे पाठीशी घालणं नव्हे.

आणि या वाटेने गेलेला माणूस परत येतच नाही, असंही नाही. माओवादी नेता भूपती १५ ऑक्टोबर २०२५ रोजी गडचिरोलीत ६० साथीदारांसह शरण आला. त्याची पत्नी तारक्का त्याच वर्षी १ जानेवारीला आधीच परतली होती.