दुकानदार ‘मोठी मशीन नको’ म्हणाला, तर

उन्हाळा लागून शेतं मोकळी झाली की वैराग गावात लाकूड कापायच्या मशिनींची, म्हणजे चेनसॉची, चौकशी सुरू होते. कुणाला बांधावरच्या बाभळी काढायच्या असतात, कुणाला ओढ्याकाठी माजलेली वेडी बाभूळ, कुणाला म्हातारी झालेली द्राक्षबाग मोडायची असते. आणि याच दिवसांत चहाच्या टपरीवर एक तक्रार हमखास कानावर येते. “खिशात पैसे घेऊन मोठी मशीन आणायला गेलो, तर दुकानदारच म्हणतो, दाजी, ही तुमच्या कामाची नाही. आमची ऐपत काढतो का हा?” ऐकणारे माना डोलावतात. एखादा भर घालतो, “आवं, त्याला पडून राहिलेला बारका माल खपवायचाय.” मग हा गडी सोलापूर गाठतो, हवी ती मोठी मशीन घेऊन येतो, आणि दोन उन्हाळ्यांनी तीच मशीन गोठ्यात पोत्याखाली पडलेली दिसते.

हे मी एकदा-दोनदा नाही, कैक वेळा पाहिलंय. म्हणून या एकाच समजुतीबद्दल आज सविस्तर लिहितो.

आधी साधा हिशेब. मोठी मशीन महाग, म्हणजे तिच्यावर दुकानदाराला सुटणारे पैसेही जास्त. ती नको म्हणणारा दुकानदार त्या दिवसापुरतं स्वतःचं नुकसान करून घेत असतो. बारका माल खपवायचा म्हणून दांडग्या गिऱ्हाइकाला कुणी परत पाठवत नाही. मग तो असं का बोलतो? कारण मशीन विकली म्हणून त्याचा संबंध संपत नाही. चेन तुटली, कार्बोरेटर तुंबला, स्टार्टरची दोरी हातात आली, की गिऱ्हाईक त्याच्याच दारात येऊन उभं राहतं, आणि चार माणसांत नाव त्याचंच खराब होतं. कोणत्या हातातली कोणती मशीन परत येते हे त्याने गल्ल्यावर बसून वर्षानुवर्षं पाहिलेलं असतं.

आता ‘प्रोफेशनल’ या शब्दाकडे येऊ, कारण सगळा घोटाळा तिथे आहे. आपल्याकडे प्रोफेशनल म्हणजे मोठी, जास्त सीसीची, लांब बारची असं सरसकट धरतात. तसं नाही. मोठ्या कंपन्या साधारण तीन प्रकारच्या मशिनी बनवतात: घरगुती कामाच्या, शेतीकामाच्या आणि रोज दिवसभर तोड करणाऱ्यांच्या. तिसऱ्या प्रकाराला प्रोफेशनल म्हणतात. फरक बांधणीत असतो. इंजिनाचं कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं, हादरे शोषणारी स्प्रिंगची व्यवस्था चांगली, हवेची जाळी मोठी, आणि त्याच वजनात ताकद जास्त. स्टिल या जर्मन कंपनीचेच आकडे घ्या. तिची एमएस २५० ही शेतीकामाची मशीन ४५.४ सीसी, २.३ किलोवॅट, वजन ४.६ किलो. एमएस २६१ ही प्रोफेशनल, ५०.२ सीसी, ३ किलोवॅट, वजन ४.९ किलो. म्हणजे आकार जवळजवळ तोच, पण ताकद ३० टक्के जास्त. प्रोफेशनल मशीन चांगली असते यात वादच नाही. प्रश्न आहे तो वर्षातून किती तास चालवणार, काय कापणार आणि कुणाच्या हाताने, हा.

पण टपरीवरच्या माणसाच्या मनात एमएस २६१ नसतेच. त्याच्या डोळ्यापुढे असते ती कुठल्यातरी सॉ मिलवर पाहिलेली ९० सीसीची मशीन. त्याच कंपनीची एमएस ६६१ पाहा: ९१.१ सीसी, ५.४ किलोवॅट, नुसतं वजन ७.४ किलो. बार, म्हणजे चेन जिच्यावरून फिरते ती लोखंडी पट्टी, शिवाय चेन, पेट्रोल आणि तेल धरलं की हातात ९-१० किलो येतात. आडवा पडलेला जाड ओंडका तोडायचा असेल तर हे वजन अडत नाही, उलट मशीन स्वतःच्या वजनाने खाली उतरत जाते. पण आपल्याकडे ओंडके कुठे आहेत? वेडी बाभूळ समोर आणा. बुडापासून पाच-सात फांटे फुटलेले, एकमेकांत गुंतलेले, काटे बोटाएवढे, आणि बुंधा गाळात अर्धा बुडालेला. कमरेत वाकून, एक पाय खड्ड्यात ठेवून, फांद्या बाजूला सारत कापावं लागतं. तिथे १० किलो घेऊन अर्धा तास काढा. हात थरथरायला लागले की बार कुठे टेकतोय याचं भान सुटतं.

आणि भान सुटलं की उसळी. ही गोष्ट मला शांतपणे सांगता येत नाही, कारण ती माहीत असलेला माणूस शेतात क्वचित भेटतो. बारचं टोक गोल असतं. मशीन बाजूने पाहिली आणि टोक उजवीकडे धरलं, तर घड्याळातल्या बारा ते तीन एवढा वरचा कोपरा धोक्याचा. तो कोपरा लाकडाला, तारेला, मागच्या फांदीला लागला, की दात अडकतो आणि अख्खी मशीन वर आणि मागे, चालवणाऱ्याच्या तोंडाकडे किंवा खांद्याकडे झेपावते. हे डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. हाताच्या जोराने ते थांबत नाही. फिरती चेन थांबवतो तो पुढच्या दांड्यापुढचा चेन ब्रेक, आणि तोही चालू स्थितीत असेल तर.

आता बाग मोडायचं काम बघा. द्राक्षाचं जुनं खोड फार तर दंडाएवढं जाड. पण वर मांडवाच्या तारा, बाजूला लोखंडी अँगल, खाली ठिबकच्या नळ्या. अशा जागेत १४-१६ इंची बार सांभाळणंही जिकिरीचं. तिथे ३० इंची बार फिरवणारा माणूस कापतोय खोड आणि त्याच्या बारचं नाक घुसलंय पुढच्या ओळीच्या तारेत. दुकानदार ‘ही तुमच्या कामाची नाही’ म्हणतो ते याच्यासाठी. ऐपतीचा संबंधच नाही.

यात शंका वाटत असेल तर अमेरिकेतलं प्रमाणक पाहा. एएनएसआय बी१७५.१ या तिथल्या सुरक्षा प्रमाणकात ३.८ घनइंच, म्हणजे सुमारे ६२ सीसीच्या आतल्या मशिनींना उसळी ठरावीक मर्यादेत ठेवण्याची कसोटी लावली आहे. त्यावरच्या मशिनी कसलेल्या तोडकऱ्यांच्या धरल्या जातात, त्यांना ती लागू नाही. छोट्या मशिनींना कमी उसळीची चेन लावून देतात. मोठ्यांना बहुधा चौकोनी टोकाच्या दातांची चेन असते. ती स्वच्छ लाकडात लोण्यासारखी चालते, पण गाळाने माखलेल्या सालीत झटकन बोथट होते. आपल्या मातकट लाकडाला थोड्या गोलसर कोपऱ्याचा दात जास्त वेळ टिकतो. मात्र छोटी मशीन म्हणजे सुरक्षित मशीन, असा उलटा अर्थ काढू नका. उसळी ३० सीसीचीही मारते आणि जखम तेवढीच खोल होते.

मग लोकांना मोठी मशीन हवीशी का वाटते? कारण त्यांची आधीची मशीन कापत नसते. आणि ती कापत नसते कारण चेनला धार नसते. मी दरवेळी एकच करायला सांगतो: मशीनखाली पडणारा भुसा मुठीत घ्या. धार असेल तर जाडसर ढलप्या पडतात, बोटांत चुरडल्या तर टोचतात. पिठासारखी भुकटी पडत असेल तर चेन कापत नाही, घासते आहे. मशीन एका बाजूला ओढत असेल तर एका बाजूचे दात जास्त झिजलेत. अशा वेळी माणूस मशीनवर छातीचं वजन टाकतो, धूर निघतो, बार निळा पडतो, आणि तो म्हणतो, “मशीन बारकी पडतीया.” बारकी नाही हो, बोथट आहे! ९० सीसीला बोथट चेन लावली तरी ती भुकटीच पाडेल, फक्त जास्त पेट्रोल पिऊन.

धार लावायला गोल कानस लागते, आणि तिचा व्यास चेनप्रमाणे ठरलेला असतो. चेनचं माप .३२५ इंच असेल तर ४.८ मिलिमीटर, छोट्या मशिनींच्या हलक्या ३/८ चेनला ४ मिलिमीटर. प्रत्येक दात आतून बाहेर, एकाच कोनात, मोजून तेवढेच घासे. दातापुढे जो छोटा उंचवटा असतो तो दाताच्या टोकापेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली हवा. तो कधीच न घासल्यामुळे ‘धार लावूनही कापत नाही’ ही तक्रार येते. आणि तो भरमसाट घासला तर दात खोल रुततो आणि उसळी वाढते. टाकीत पेट्रोल भरताना दरवेळी दोन-तीन घासे दिले तर चेन दिवसभर कापते. लांब बारला दात जास्त, म्हणजे हे कामही जास्त. जो १८ इंचाच्या चेनला कानस लावत नाही तो ३६ इंचाच्या चेनला लावेल, यावर माझा विश्वास नाही.

दुसरं, मशीन पडून राहणं. वर्षात आठ-दहा दिवस चालणारी मशीन बाकीचे दिवस टाकीत पेट्रोल घेऊन उभी असते. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे, त्यातलं काही आपल्याच उसापासून झालेलं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, नळ्या आणि कार्बोरेटरमधले रबरी पडदे खराब होतात. मशीन कितीही महाग असली तरी त्यातून सुटका नाही, फक्त महाग मशीनचा पार्ट महाग असतो आणि तो वैरागात शेल्फवर मिळत नाही, मागवावा लागतो. महिनाभर काम नसेल तर टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.

आता दुकानदाराचं ऐकू नये अशीही वेळ असते, हे कबूल केलं पाहिजे. तुम्ही लाकडाचा व्यापार करत असाल, वखारीला माल देत असाल, रोज पाच-सहा तास मशीन चालत असेल, तर शेतीकामाची मशीन एका हंगामात दम टाकेल. तिथे प्रोफेशनलच घ्या आणि घासाघीस करू नका. तसंच दुकानदार ‘कंपनीची महाग पडते, ही घ्या, ६२ सीसी आहे’ म्हणत एखादी बिननावाची मशीन पुढे करत असेल, तर सावध व्हा. तो तुमचं काम बघत नाहीय, खोक्यावरचा आकडा विकतोय. माहितीपत्रकात बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, पाहा. बोअर ४५ मिलिमीटर आणि स्ट्रोक ३४ मिलिमीटर असेल तर गणिताने ५४ सीसी होतात. खोक्यावर ६२ असो नाहीतर आणखी काही, सिलिंडर ५४ चाच.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘चेनला जळकं ऑइल चालतं’: चालत नाही. त्यात धातूचा बारीक कीस असतो, तो तेलाचा पंप आणि बारची खाच खातो, शिवाय ते तेल उडून तुमच्या अंगावर येतं.

‘टू-स्ट्रोक तेल जरा जास्तच टाकावं, इंजिन टिकतं’: प्लग काळा पडतो आणि सायलेन्सर तुंबतो. स्टिलच्या पुस्तिकेत कंपनीच्या तेलाला ५०:१ म्हणजे १ लिटर पेट्रोलला २० मिली, आणि इतर तेलाला २५:१ म्हणजे ४० मिली, असं स्पष्ट दिलंय. पुस्तिका वाचा, डोळ्याच्या अंदाजाने ओतू नका.

‘जाड झाडाला तेवढाच लांब बार लागतो’: दोन्ही बाजूंनी कापता येतं. १८ इंची बारने ३० इंचाचा बुंधा निघतो.

‘चेन सैल असली की हलकी फिरते’: हलकी फिरते आणि उतरतेही, मग हातावर येते. चेन बारला खालून चिकटलेली हवी, पण हाताने ओढली तर सरकली पाहिजे.

‘माझ्या रानातलं झाड, मी काहीही तोडीन’: नाही. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन कायद्याच्या अनुसूचीत चिंच, आंबा, जांभूळ, साग, चंदन ही झाडं आहेत. ती स्वतःच्या शेतात असली तरी परवानगी लागते. नगरपंचायतीच्या हद्दीत असाल तर आधी तिथे विचारा.

आणि पायात चप्पल, डोक्याला टॉवेल बांधून मशीन चालवणाऱ्यांना हात जोडून विनंती. मोठ्या मशीनसाठी जे जादा पैसे ठेवलेत त्यातून डोळ्यांना जाळीचा मुखवटा, कानाला बोळे, पायात टणक बूट आणि मांडीला चेन अडवणारं कापड घ्या. त्या कापडातले धागे चेनमध्ये गुंतून चक्र जाम करतात आणि पाय वाचतो.

यंदा चौकशीला जाल तेव्हा रिकाम्या हाताने जाऊ नका. तोडायच्या सगळ्यात जाड बुंध्याला दोरी गुंडाळा, दोरीची लांबी इंचांत मोजा आणि ३.१४ ने भागा. ४४ इंच घेराचा बुंधा १४ इंच जाड निघेल. हा आकडा, झाडाची जात आणि वर्षातले कामाचे दिवस एका चिठ्ठीवर लिहा आणि ती चिठ्ठी दुकानदारापुढे ठेवा. त्यावर तो जी मशीन दाखवेल ती आधी हातात घेऊन पाच मिनिटं उभे राहा, मग पैसे काढा.