राखेच्या काचगोळ्या आणि नामपूरची हवा

एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रातून निघते तसली चिमूटभर राख सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तर डोळ्यांवर विश्वास बसत नाही. हातावर घेतली तर ती करडी, मऊ भुकटी. भिंगाखाली मात्र तिच्यात असंख्य काचेच्या गोळ्या दिसतात, नितळ आणि वाटोळ्या. काही आतून पोकळ असतात, आणि एखाद्या पोकळ गोळीच्या पोटात आणखी बारीक गोळ्या दाटीवाटीने भरलेल्या!

या गोळ्या कुणी घडवत नाही. कोळसा दळून त्याचं पीठ करतात आणि हवेच्या झोताबरोबर बॉयलरमध्ये फुंकतात. आत तेराशे-चौदाशे अंशांची आग. कार्बन क्षणार्धात जळून जातो आणि मागे उरते ती कोळशात अडकलेली माती. आपल्याकडचा बहुतेक दगडी कोळसा 25 कोटी वर्षांहून जुना. त्या काळच्या दलदलीतल्या गाळाची ती माती. ती वितळते, पृष्ठताणामुळे तिचा थेंब गोल होतो आणि थंड होताना तसाच गोठतो. डायनासोरांच्याही आधीचा चिखल काही सेकंदांत काच होऊन बाहेर पडतो.

भारतीय कोळशात राखही भरपूर, बहुधा तीस ते चाळीस टक्के. एकलहऱ्याला प्रत्येकी 210 मेगावॉटचे संच आहेत. असा एक संच पूर्ण क्षमतेने चालला तर दिवसाला तीन हजार टनांच्या आसपास कोळसा खातो, म्हणजे एका संचाची राखच हजार टनांच्या घरात. तिच्यातली बहुतेक धुराबरोबर उडते. तिला अडवायला विजेच्या भाराने कण ओढून घेणारी यंत्रं असतात आणि ती नीट चालली तर वजनाने 99 टक्क्यांहून जास्त राख पकडतात. हे अभियांत्रिकीचं मोठंच यश आहे.

पण वजनाचा हिशेब इथे फसवा ठरतो. एका मायक्रॉनपेक्षा थोडे लहान, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपासचे कण या यंत्रांना सगळ्यात कमी सापडतात. गुरुत्वाकर्षणाचीही तीच गत. दहा मायक्रॉनचा कण दहा मीटर उंचीवरून तासाभरात जमिनीवर येतो, तर अर्ध्या मायक्रॉनचा कण स्थिर हवेत दिवसभरात जेमतेम एक-दोन मीटर उतरतो. पाऊससुद्धा याच मापाच्या कणांना नीट धुऊन काढू शकत नाही. यंत्र, जमीन आणि पाऊस, तिघांच्याही हातून निसटणारं माप एकच, आणि नेमकं तेच नाक-घशाची चाळणी ओलांडून थेट फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोचतं. मला या विषयात सगळ्यात थक्क करणारी आणि सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते.

श्वासातून आत गेलेले असे बरेचसे कण उच्छ्वासाबरोबर परत जातात. जे राहतात त्यांना वायुकोशातल्या भक्षक पेशी गिळतात. पण खनिज त्यांना पचत नाही. तिथे दाह सुरू होतो, त्याचे रासायनिक निरोप रक्तात उतरतात, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. त्यामुळे धुराचा आजार म्हणजे फक्त खोकला-दमा नव्हे. हृदयविकार आणि पक्षाघातही त्यातच आले.

धुरांड्यातून कणांबरोबर वायूही बाहेर पडतो. कोळशातलं गंधक सल्फर डायऑक्साइड होऊन निघतं आणि वाटेत हवेतच त्याचे सल्फेटचे नवे सूक्ष्म कण तयार होतात. ते शेकडो किलोमीटर जातात. मोसम नदीकाठचं नामपूर एकलहऱ्यापासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहे. दक्षिणेकडचा वारा असेल तेव्हा हे अंतर काहीच नाही. थंडीच्या पहाटे जमिनीलगतची गार हवा वरच्या उबदार थराखाली कोंडली जाते. मग चुलीचा, वीटभट्टीचा, वाहनांचा धूरही त्याच हवेत साचतो. कांद्याच्या लिलावाला भल्या सकाळी ट्रॅक्टर घेऊन निघालेला शेतकरी तीच हवा घेतो.

डिसेंबर 1952मध्ये लंडनमध्ये कोळशाचा धूर असाच कोंडला आणि काही दिवसांत हजारो माणसं दगावली. 2013मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हवेतल्या सूक्ष्म कणांना माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकलं. 2023मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात अमेरिकेतल्या वृद्धांच्या नोंदींचा मोठा अभ्यास आला: कोळसा केंद्रांतून येणाऱ्या सूक्ष्म कणांशी जोडलेला मृत्यूचा धोका इतर सूक्ष्म कणांच्या दुपटीहून जास्त निघाला. केंद्रं बंद होत गेली, गंधक काढणारी यंत्रं बसत गेली, तसे मृत्यूही झपाट्याने घटले.

आपल्याकडे सल्फर डायऑक्साइडची मर्यादा 2015मध्ये ठरली, मुदती पुन्हा पुन्हा वाढल्या आणि जुलै 2025मध्ये बहुतेक केंद्रांना तिच्यातून सूट मिळाली. हा निर्णय मला चुकीचा वाटतो. सूक्ष्म कणांची वार्षिक मर्यादा जागतिक आरोग्य संघटना घनमीटरला 5 मायक्रोग्रॅम सांगते. आपला कायदा 40 पर्यंत चालवून घेतो. ग्रामसभेत पाण्याच्या तपासणीचा अहवाल मागता, तसाच आता हवेचाही मागा.