डोक्यात जाणारी जाहिरात
एकच जाहिरात सारखी कानावर आदळली की नाव पाठ होतं. वस्तू घ्यावीशी वाटेलच असं नाही. २००६ च्या सुमारास अमेरिकी टीव्हीवर 'हेडऑन' या कपाळाला चोळायच्या कांडीची जाहिरात लागे. कपाळावर कांडी फिरवणारी बाई आणि 'थेट कपाळाला लावा' हे एकच वाक्य, लागोपाठ तीनदा. ती कशासाठी लावायची, हे सांगायचीही तसदी नाही! लोक वैतागले, पण नाव घरोघरी पोचलं. डोकेदुखीचा माल डोकं उठवून विकायची ही तऱ्हा अफलातूनच.

परिचयाने पसंती वाढते, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये दाखवलं. अति झालं की मात्र गाडी उलटी फिरते. स्वस्त, चटकन उचलायच्या वस्तूंना वैताग बहुधा कमी नडतो.

त्या वैतागाचा भुर्दंड अनेकदा जाहिरात वाजवणाऱ्यालाच बसतो. 'पँडोरा' या इंटरनेट रेडिओवर सुमारे साडेतीन कोटी श्रोत्यांवर २१ महिने प्रयोग झाला. जास्त जाहिराती वाट्याला आलेल्या गटांचं ऐकणं घटलं; काहींनी रेडिओच सोडला, तर काहींनी जाहिराती टळाव्यात म्हणून चक्क पैसे भरून वर्गणी घेतली.