काजळी घासण्याआधी ज्योत पाहा

पातेल्याचे बूड काळे झाले की आपण ते घासून लख्ख करतो. ओट्यामागची काळी भिंत दिवाळीच्या सफाईत पुसतो. पण काजळी म्हणजे नुसता मळ नव्हे. जळण नीट जळत नाही, हे सांगणारी ती खूण आहे. तिच्याकडे दुर्लक्ष केले तर प्रसंग जिवावर बेतू शकतो.

माझा दवाखाना लालबागमध्ये आहे. गिरण्या-कारखान्यांच्या धुराला आळा घालण्यासाठी मुंबईत १९१२ साली कायदा झाला. घरातल्या धुराकडे मात्र आपले आपणच पाहायचे असते. दहा बाय बाराच्या खोलीत स्वयंपाकही तिथेच आणि झोपणेही तिथेच. सिलिंडरचा गॅस मुंबईत १९५५ मध्ये आला, पण बऱ्याच चाळींत त्यानंतरही कित्येक वर्षे शेगडी आणि रॉकेलचा स्टोव्हच पेटत होता. विडीला कधी हात न लावलेल्या आजी धाप लागली म्हणून येतात, तेव्हा मी आधी विचारतो, "चुलीपुढे किती वर्षे काढलीत?" वर्षानुवर्षे धूर छातीत गेला की श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात. गावाकडे ज्यांच्या घरी अजून चूल आहे, त्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

काजळी का धरते?

जळणाला पुरेशी हवा मिळाली की गॅसची ज्योत निळी राहते. हवा कमी पडली की ती पिवळी होते आणि न जळलेल्या कार्बनचे कण भांड्याला चिकटतात. त्याच वेळी कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायूही तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो आणि शरीर आतून गुदमरते.

मात्र काजळी नाही म्हणजे धोका नाही, असे समजू नका. रसरशीत निखारा धूर करत नाही, पण हा वायू सोडतो. बाळ-बाळंतिणीला शेक देण्यासाठी शेगडी ठेवून, वारा लागू नये म्हणून दारे-खिडक्या घट्ट लावण्याची आपली पद्धत म्हणूनच धोक्याची आहे. अशाच एका खोलीतून बाळंतीण आणि तिची आई, दोघींचे डोके दुखते, मळमळते, अशी तक्रार माझ्याकडे आली होती. दार उघडून शेगडी बाहेर काढायला लावली आणि सगळ्यांना रुग्णालयात पाठवले. सुदैवाने बाळासकट सारी बरी झाली. मोरीची न्हाणी करून तिथे बसवलेल्या गॅस गीझरचाही धोका हाच.

काय करावे?

- बर्नर थंड झाल्यावर काढून ब्रशने घासा, भोके मोकळी करा आणि पूर्ण कोरडा करूनच बसवा. खारट पाणी उतू गेले तर ज्योत क्षणभर पिवळी दिसते. तेवढ्याने घाबरू नका. पिवळेपणा टिकला तर गॅस एजन्सीचा मेकॅनिक बोलवा. आतल्या जेटमध्ये स्वतः टाचणी घालू नका.
- काजळी कोरड्या झाडूने झाडू नका, कण हवेत उडतात. नाकाला फडके बांधा आणि ओल्या कपड्याने टिपून घ्या.
- स्वयंपाक चालू असताना खिडकी उघडी ठेवा. चुलीच्या धुराला वर वाट हवी. लाकूड वाळलेले वापरा.
- पेटती शेगडी बंद खोलीत कधीही ठेवू नका. शेकासाठी गरम पाण्याची पिशवी कपड्यात गुंडाळून वापरा. ती बाळाच्या अंगाला लावू नका.
- गॅस गीझर न्हाणीबाहेर, मोकळ्या हवेत बसवा.

लक्षणे ओळखा

घरातल्या दोघातिघांचे एकाच वेळी डोके दुखू लागले, चक्कर, मळमळ किंवा गळाठा जाणवला आणि बाहेर गेल्यावर बरे वाटले, तर पित्ताची गोळी घेऊन झोपू नका. सर्वांना ताबडतोब मोकळ्या हवेत न्या. शक्य असेल तर जाता जाता गॅस बंद करा, दारे-खिडक्या उघडा. मग थेट रुग्णालय गाठा आणि घरात काय पेटले होते ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. कोरोनाच्या काळात घरोघरी आलेल्या, बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर येथे विसंबू नका. हा वायू रक्तात असतानाही तो आकडा चांगलाच दाखवतो. रुग्णालयात प्राणवायू देणे हाच यावरचा मुख्य उपचार आहे.

भांडे उद्या घासले तरी चालेल. आज रात्री स्वयंपाकाला लागताना ज्योतीचा रंग मात्र एकदा जरूर पाहा.