लहान आज्ञाभंग आणि ज्ञानाची झीज : लेखांक सहावा

महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधर यांच्या वचनांचे केसोबासांनी केलेले संकलन ‘सूत्रपाठ’ या नावाने ओळखले जाते. म्हाइंभटांच्या लीळाचरित्रावर आधारलेल्या या ग्रंथात ‘विचार’ आणि ‘आचार’ ही प्रकरणे वेगवेगळी ठेवलेली आहेत. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार नित्य व परस्परांहून भिन्न पदार्थ आहेत, हा महानुभाव तत्त्वज्ञानाचा पाया; पण तो पाया समजला म्हणजे साधकाचे काम संपले, असे चक्रधर मानीत नाहीत. ज्ञान झालेल्याने घरदार सोडून परमेश्वराच्या आज्ञेप्रमाणे राहणे, ज्याला पंथात ‘अनुसरण’ म्हणतात, ते पुढे आयुष्यभर चालायचे असते आणि आचार प्रकरणातील नियम त्यासाठीच सांगितलेले आहेत.

हे नियम वाचताना त्यांचा लहानपणा प्रथम डोळ्यांत भरतो. अहिंसेसारखी मोठी व्रते त्यांत आहेतच. परंतु अटन म्हणजे एका जागी न रमता फिरत राहणे, विजन म्हणजे वस्तीबाहेर एकान्तात बसणे, भिक्षा कशी मागावी, मिळालेले अन्न कसे खावे, कोणत्या प्रदेशात जाऊ नये, अशा रोजच्या बाबींनाच तेथे अधिक जागा मिळालेली आहे. एखाद्या दिवशी चांगल्या स्वयंपाकाच्या आशेने ठरावीक घराकडे पाय वळले, तर त्याला कोणी पातक म्हणणार नाही, आणि ज्याचे कोणालाच काही वाटत नाही ते दुसऱ्या दिवशी करणे सोपे जाते, हीच खरी अडचण आहे.

प्रदेशाविषयीचा नियम लोहा, कंधार, मुखेड, देगलूर या पट्ट्यातील वाचकाला विशेष जवळचा वाटावा. कानडी आणि तेलंग देशांत जाऊ नये, असे चक्रधर सांगतात, आणि त्यामागे दोन कारणे देतात : ते देश विषयांनी समृद्ध आहेत, आणि तेथे तपस्व्यांना मान मिळतो. पहिले कारण कोणत्याही संन्यासधर्मात सापडेल. दुसरे मात्र फार सूक्ष्म आहे, कारण मानसन्मान हा विषय आहे हे विद्वानाला सहसा पटत नाही, तो त्याला आपल्या ज्ञानाचा रास्त मोबदला वाटतो. शिवाय ही सीमा जमिनीवर आखलेली नव्हती. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत मध्ययुगीन कन्नड शिलालेख मोठ्या संख्येने मिळाले आहेत, आणि लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला आजही महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगण या तिन्ही राज्यांतून भाविक येतात. अशा मुलखात फिरणाऱ्या साधकाला महाराष्ट्र नेमका कोठे संपला हे कोणी सांगणार नव्हते. ‘अजून आपण अलीकडेच आहोत’ असे स्वतःला सांगत पुढच्या गावाला जाण्याची सोय त्याला प्रत्येक मुक्कामी उपलब्ध होती.

याहून अवघड उदाहरण माहूरचे, म्हणजे त्या काळच्या मातापूरचे आहे. मातापूर आणि कोल्हापूर ही ‘साभिमान’ स्थाने, म्हणजे जेथील देवतेला आपल्या अधिकाराचा अभिमान आहे आणि म्हणून जी साधकाला विघ्न करतात अशी स्थाने, असे सांगून चक्रधरांनी तेथे जाण्यास मनाई केली. पण पंथाच्याच परंपरेनुसार, पंथात परमेश्वराचा अवतार मानलेल्या चांगदेव राऊळांना, म्हणजे चक्रपाणी प्रभूंना, माहूरलाच दत्तात्रेयांनी वाघाच्या रूपात दर्शन दिले आणि मस्तकावर पंजा ठेवून शक्ती दिली. बुद्धिमान शिष्याला यातून युक्तिवाद उभा करायला कितीसा वेळ लागणार? अडाण्याला नियम मोडताना निदान भीती वाटते. ज्ञान्याला आधार सापडतो. आज माहूरचे देवदेवेश्वर मंदिर महानुभावांचे मोठे श्रद्धास्थान आहे. निषेधाचा विस्तार कोठवर धरायचा हा अर्थनिर्णयाचा प्रश्न असून त्याचा निवाडा येथे करायचा नाही. येथे लक्षात घ्यायचे ते इतकेच की, आज्ञेतून स्वतःपुरती सूट काढण्याचे काम बुद्धीच करते, आणि तसे करताना ती आज्ञेची राखणदार न राहता इच्छेची वकील होते.

महानुभावांना प्रमाण असलेल्या गीतेच्या दुसऱ्या अध्यायात हीच घसरण पायरीपायरीने मांडलेली आहे. विषयाचे नुसते चिंतन, त्यातून आसक्ती, मग काम, क्रोध, संमोह, स्मृतीचा भ्रंश आणि अखेर बुद्धीचा नाश, असा तो क्रम आहे. स्मृतिभ्रंश म्हणजे येथे पाठांतर विसरणे नव्हे, तर आपण कोण आणि कशासाठी निघालो याचे भान सुटणे. म्हणून सूत्रे मुखोद्गत असलेल्या माणसाचीही बुद्धी गेलेली असू शकते.

यहुदी परंपरेतील शलमोन राजाची कथा या क्रमाशी ताडून पाहण्याजोगी आहे. अनुवाद या ग्रंथाच्या सतराव्या अध्यायात राजासाठी तीन साधे निर्बंध आहेत : घोडे फार वाढवू नयेत, बायका फार करू नयेत, सोन्यारुप्याचा फार साठा करू नये. गिबोन येथे देवाकडे विवेकी अंतःकरण मागणाऱ्या या राजाजवळ, राजांच्या पहिल्या ग्रंथानुसार, पुढे १,४०० रथ, १२,००० स्वार, ७०० राण्या आणि ३०० उपपत्नी होत्या. संरक्षण, तह, व्यापार, यांतील प्रत्येक वाढीला राज्यकारभाराचे सबळ कारण देता येत होते; तरी म्हातारपणी तो परक्या देवतांकडे वळला, आणि त्याच्या मुलाच्या काळात राज्य दुभंगले.

नांदेडच्या हुजूर साहिबमुळे मराठवाड्याला परिचित असलेल्या खालसा पंथाने या दुखण्यावर वेगळा इलाज योजला आहे. रहित म्हणजे आचारसंहिता मोडणाऱ्याने संगतीसमोर ती चूक कबूल करायची आणि ‘तनखा’ म्हणून नेमून दिलेली सेवा करायची, मग ती जोडे पुसण्याची असो की लंगरातील भांडी घासण्याची. ही व्यवस्था महानुभावांच्या प्रायश्चित्तापेक्षा शहाणपणाची की नाही, यावर मतभेद होऊ शकतील. पण सूट मागणाऱ्यानेच न्याय करायचा, ही सोय तिच्यात उरत नाही, हा तिचा निर्विवाद गुण होय. महानुभाव पंथातील प्रायश्चित्ताचा विचार पुढील लेखांकात येईल. तोवर वाचकांनी सूत्रपाठातील आचार प्रकरण मुळातून वाचावे.